आकड्यामागची दांडी

मंगळवार, दिवेलागण

राखणदार आम्हीच बसवला अन् त्यानं आमच्याच बाईले चोर ठरवलं.

आमच्या बचत गटाच्या पापडाची वेबसाइट नातीनं, प्रांजलीनं, पुण्यात बसून बांधली. तिच्या दारावर एक राखणदार प्रोग्राम ठेवला. हल्लेखोर काय लिहितात त्याच्या खुणा त्याच्याजवळ असतात, तशी खूण दिसली की तो अडवते. तवा म्हणाली होती, "आजी, नवी खूण आली की आधी तो नुसता पाहील. मी तुले विचारीन, मंगच अडवू."

विचारलं कोणी? मुकुटबनची कौसल्या आपल्या पापडाचा भाव भरे, तं 'प्रवेश बंद' एवढंच दिसे. आज एसटीनं राळेगावले आली, दारातच उभी राह्यली. पाणीही घेतलं नाही. "मले गटातून काढाचं होतं तं तोंडानं सांगाचं होतं, काकू."

प्रांजलीले फोन लावला, तं हसली. भावाच्या आकड्यामागं आपण दांडी मारून दोन रेघा ओढतो, '/=' अशा, त्याच रेघा हल्लेखोराच्या नव्या खुणेत बसल्या म्हणे. "मी सारं ऑटोमॅटिक करून टाकलं, आजी. रोज कोण पाहत बसंल?"

ती दांडी मीच शिकवली साऱ्या बायांले. मागून कोणी शून्य वाढवू नये म्हणून. चोरासाठी लावलेली कडी, अन् चोर आम्हीच!

मशीन चुकली, त्याचं काही नाही. पण विचारीन म्हणाली होती ना? माह्या नातीनंच?

दांडी मी सोडणार नाही. अन् सकाळी चूक कबूल कराले कौसल्याले फोन प्रांजलीनंच लावावा. मी लावणार नाही, तिच्या ऑटोमॅटिकनंही लावू नये.