सायाळीचा काटा

३ डिसेंबर
रताळ्याचा अख्खा वाफा उकरलेला! डुक्कर म्हणावं तर ते सगळंच नासवतं. याने निवडून निवडून खाल्लंय. बांधावर वीतभर काटा सापडला, काळा-पांढरा. म्हणजे सायाळ!

५ डिसेंबर
बीळ सापडलं. नाल्याच्या काठाला, पळसाच्या मुळांखाली. तोंडाशी उपसलेली माती आणि कुरतडलेली हाडं. वर्षाली घाबरली — "वाघाचं त नाई ना, ताई?" वाघ बिळात कुठला! सायाळीचे दात सारखे वाढतात, ते झिजवायला ती हाडं कुरतडते.

वर्षाली माझी धाकटी जाऊ, पण मैत्रीणच जास्त. ठरवलं, बीळ कोणाला दाखवायचं नाही. लोक धूर करून मारतात, खातात. अंकुशला तेवढं सांगितलं. नवऱ्याला सांगणं काय सांगण्यात धरायचं!

९ डिसेंबर
पाहिली!! उजाडता उजाडता मेथी खुडायला गेलो, तर बाई बिळाकडे निघालेल्या. नाक बोथट, पाय आखूड, पाठभर काटे. आम्हाला पाहून काटे फुलवले, शेपूट खळखळ वाजवली आणि उलटी मागे मागे सरकली. काटे फेकून मारते म्हणतात ते खोटं. अंगाला भिडते, तेव्हा काटा टोचून राहतो.

मागून दुसरी आली. जोडीने राहतात. वर्षाली म्हणाली, "आपल्यावानीच हायेत, दोघी." मी म्हटलं, "अगं, त्यातला एक नवरा असेल." केवढ्या हसलो!

१४ डिसेंबर
अंकुश आणि चंदन, सख्खे भाऊ, मोटरपंपावरून एकमेकांच्या अंगावर धावले. आठवड्यात हे दुसऱ्यांदा.

१६ डिसेंबर
चुलीमागच्या फळीत सासूबाईंना सायाळीचा काटा खोचलेला सापडला. घरात तो काटा असला की भांडणं लागतात, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. "काऊन आणला घरात? कोन घर फोडून राह्यलं माह्यं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. काटे जमवते मीच ना! पण माझे सगळे शेतातल्या खोपीत असतात, एकही घरी आणलेला नाही. वर्षालीला माहीत आहे. तिने तेवढं बोलावं! तर मान खाली घालून म्हणते, "मले नाई मालूम."

बीळ तिला माहीत, खोप तिला माहीत. वर्ध्याला राहायची हौसही तिलाच. केसाने गळा कापला माझा.

२० डिसेंबर
वाटणी झाली. चंदन-वर्षाली वर्ध्याला, नालवाडीत खोली घेणार. नाल्याकडचा ओलिताचा तुकडा आमच्याकडे आला. सासूबाई जेवल्या नाहीत. अंकुशने दोन भाकरी जास्त खाल्ल्या. या माणसाला कशाचं काही नाही!

२३ डिसेंबर
गेले. वर्षाली पाया पडायला वाकली, मी पाय मागे घेतले. "ताई, आयकून त घ्या—" नाही ऐकलं! संतापाने दिवसभर रडू येत होतं.

२९ डिसेंबर
खोपीतले काटे नाल्यात फेकत होते. अंकुश हसला — "फेकतं कायले? एकानं केवढं काम केलं आपलं!" मी विचारलं, "कुठल्या एकाने?" "अवं, मीच खोचला होता तो. वर्षालीनं पाह्यलं होतं मले. म्हटलं तिले, तोंड उघडशीन त तुह्या ताईले कायमची माहेरी धाडतो."