रिकाम्या खुर्चीपुढचं दूध

अहो,

नाव घेऊन लिहायला हवं होतं, पण सगळ्या संसारात जे जमलं नाही ते आता कुठून जमणार? तेव्हा अहोच. ओळखाल तुम्ही.

आज लिहायला बसले कारण मला भीती वाटतेय, आणि ती सांगायला दुसरं माणूस नाही. आपली प्रज्ञा आज दुपारी तुमच्या जागेवर उभी राहणार आहे. केबलचे बाळूदादा महिनाभर मागे लागले होते, वहिनी, 'तांबडा-पांढरा' कार्यक्रम परत चालू करू, पोरीत बापाची कळा हाय. पोरगी एका पायावर तयार! कॉलेजच्या गॅदरिंगला तिनं प्राचार्यांची नक्कल केली तेव्हाच मी ओळखलं होतं, हे पाणी कुठलं ते. तुम्ही असता तर उचगावभर पेढे वाटले असते. मी मात्र सकाळपासून दारापाशी घुटमळतेय. गल्लीत गाडीचा आवाज आला की कडी चाचपते, अगदी तेव्हासारखी.

तेव्हा माझं काय व्हायचं, हे तुम्हाला कधी कळलं का हो?

आठवडाभर उद्यमनगरात लेथवर उभं राहायचं, आणि सोमवारी सुट्टी मिळाली की शिवाजी पेठेत गिरणीवरच्या त्या खोलीत खिडक्यांना वाकळा लावून भर दुपारी रात्र करायची! खालची गिरणी दुपारी बंद असायची, तेवढ्या वेळात सगळं शूटिंग उरकायचं. तेच रात्री जेवणंखाणं झाल्यावर घरोघरी दिसायचं आणि लोकांना वाटायचं, हा गडी आपल्यासाठी जागा आहे. आधी तांबडा, म्हणजे गावच्या पुढाऱ्यांना झणझणीत. मग पांढरा, म्हणजे एखाद्या नावाजलेल्या पाहुण्याशी गोडीगुलाबीच्या गप्पा. आणि नियमही तुमचाच: ज्याला तांबडा वाढला त्याला पुढच्या आठवड्यात पांढऱ्याचं आमंत्रण द्यायचंच. घरी बोलावून नुसतं तिखट खायला घालू नये, म्हणायचात.

पाहुण्यांना शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा. "पावणं, भ्या कशाचं वाटतंय?" सिनेमातला तो म्हातारा खलनायक आठवतो? पन्हाळ्यावर शूटिंगला आलेला, तुम्ही त्याला स्कूटरवर मागे बसवून आणलेला. पडद्यावर कोयता घेऊन धावणारा माणूस, म्हणाला दाताच्या डॉक्टरचं. दरवाज्यात मावत नव्हता तो पैलवान पालीला भीत होता. लावणीवाल्या बाई म्हणाल्या, पहिल्या रांगेत कुणी जांभई दिली की पायातलं बळ जातं. सगळं कोल्हापूर हसायचं.

घरात मला हा प्रश्न एकदाही विचारला नाहीत! वर म्हणायचात, सुनंदा, एकदा तू ये की खुर्चीवर. मी म्हणायचे, माझं काय नाव आहे गावात? खरं म्हणजे मला तोंड दाखवायचं नव्हतं. नवऱ्याचं तोंड सगळ्यांच्या ओळखीचं झालं तेवढं पुरे होतं.

मग तुम्ही तालुक्याच्या सभापतींच्या मागे लागलात. तुमच्या आई तेव्हा होत्या. त्यांनी सांगितलं होतं, बाबा, ते कोण, आपण कोण, जरा बघून बोलत जा. तुम्ही हसलात. एकाच रस्त्याचं दोनदा उद्घाटन केलं म्हणून गळ्यात टॉवेल टाकून, पोट पुढे काढून त्यांची हुबेहूब नक्कल केलीत, आणि म्हणालात की फोडलेल्या नारळांच्या करवंट्या अंथरल्या असत्या तरी आतापर्यंत रस्ता झाला असता. दुसऱ्या दिवशी भाजीवालीसुद्धा मला करवंटीचं विचारत होती.

नियमाप्रमाणे त्यांना पांढऱ्याचं आमंत्रण गेलं. ते आले नाहीत. आता दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. तुम्ही पाहुण्याची खुर्ची रिकामी ठेवलीत आणि तिच्यापुढे स्टुलावर दुधाचा ग्लास. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून देतात तिथलं दूध, मी घरी तापवून किटलीत घालून दिलेलं. पाहुण्याला कोल्हापुरात दूध नाही तर काय देणार, एवढाच तुमचा विचार. खुर्चीलाच प्रश्न विचारायचे, थांबायचं, मान हलवायची. ग्लासातल्या दुधावर साय धरायची आणि लोक हसून हसून लोळायचे. असं तीन-चार आठवडे चाललं.

आणि इकडे घरी? फोन वाजायचा, उचलला की पलीकडे नुसता श्वास. एक जीप गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहायची, दोन माणसं खाली उतरायची, घरं न्याहाळायची आणि परत जायची. एकदा वर्कशॉपवर कुणीतरी तुम्हाला अगदी गोड आवाजात विचारलं, घर कुठं म्हणायचं तुमचं, पावणं? ते तुम्ही मला जेवताना हसत सांगितलंत. दुसऱ्या दिवसापासून प्रज्ञाला शाळेत सोडायला-आणायला मीच जायला लागले. तिचा हात इतका घट्ट धरायचे की ती कळवळायची.

मग त्या सोमवारी सकाळीच जीप थेट दारात आली. तुम्ही अजून पेठेत निघायचे होतात. मी प्रज्ञाला मोरीत ढकललं आणि कडी घातली. खरंच सांगते, हातात कालथा घेऊन उभी होते मी! काय करणार होते त्या कालथ्यानं कुणास ठाऊक.

जीपमधून उतरली ती एक म्हातारी. काष्टा घातलेली, डोक्यावर पदर, पायात चपला नाहीत. सभापतींची आई. सगळे आक्का म्हणायचे त्यांना. तुम्ही पुढे होऊन हात जोडलेत. त्या आत येऊन भिंतीला टेकून खालीच बसल्या.

मग म्हणाल्या, "माझं पोरगं जित्तं हाय. त्येच्या नावानं दूध ठिवू नगा."

तुम्हाला काहीच उमगलं नाही. मलाही नाही. आक्कांनी आपल्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. "आमच्यात मेल्या माणसाच्या जाग्यावर ठिवत्यात दूध. तुमच्यात न्हाय व्हय?"

"न्हाय, आक्का," तुम्ही म्हणालात. "मला ठावं न्हवतं."

कसं ठाऊक असणार? तुमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच घरातलं दहावं-तेरावं सुटलं. आपल्यात कुणी गेलं की विहारात वंदना होते, माणसं जेवतात, संपलं. तुम्ही पाहुणचार म्हणून ठेवलेला ग्लास, आणि ती माय दर आठवड्याला टीव्हीवर आपल्या मुलाची रिकामी खुर्ची आणि तिच्यापुढचं दूध बघत होती! मुलगा म्हणायचा, आक्के, थट्टा हाय, सोड. तिला कुठून सुटणार? आक्का रात्री उठून त्याच्या छातीवर हात ठेवून बघायच्या, श्वास चालू आहे का. जीप त्यांनीच पाठवली होती, घर शोधायला. माणसं दार ठोठावायला लाजत होती म्हणे. ते फोन मात्र कुणाचे, ते आजतागायत कळलं नाही.

उठताना त्या म्हणाल्या, "थट्टा करा त्येची. करवंट्यांचं ऐकून मी बी हासले. पर दूध नगं."

त्या चहा घेतील का, ही मला धाकधूक होती. त्यांनी बशीत ओतून सगळा प्यायला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, सुटलो!

कसलं काय. त्याच दुपारी पेठेत जाऊन तुम्ही काय केलंत? ग्लास परत तिथंच. तांबडा संपवलात, खुर्चीकडे बघितलंत, म्हणालात पावणं काय येत न्हाईत, दूध वाया घालवायचं न्हाय, आणि स्वतः त्या खुर्चीत बसून गटागटा सगळं पिऊन टाकलंत! रात्री ते टीव्हीवर बघितलं. मी भांडले तुमच्याशी. ग्लास नुसता काढून घेता आला नसता?

तुम्ही शांतपणे म्हणालात, "काढला असता तर लोकांनी विचारलं असतं का काढला. मग आक्कांचं नाव निघालं असतं. पिऊन टाकलं, विषय संपला."

तुमच्यासाठी संपला. माझ्यासाठी तिथं सुरू झाला. मी अंगणवाडीत मुलांना सांगते, मांजर आडवं गेलं तर मांजराला कामाला जायचं असतं. आणि घरी येऊन तुमच्या छातीकडे बघत बसायचे. आक्कांची भीती त्या चहाच्या बशीतून माझ्याकडे आली असावी.

चार वर्षं काही झालं नाही. मग एका दुपारी वर्कशॉपमधून माणूस आला. चहाच्या सुट्टीत खुर्चीत बसलात ते उठलाच नाहीत. मी पोचले तेव्हा समोर तुमचा चहा तसाच होता, साय धरलेला. बाकीचं सगळं मी विसरले, तो ग्लास नाही विसरले.

डॉक्टर म्हणाले, छातीचं दुखणं जुनं असणार, त्यांनी अंगावर काढलं. काढलंत ना? मला का नाही सांगितलंत? दुसऱ्यांना भीती विचारत फिरलात आणि स्वतःची गिळून बसलात. याचा राग अजून गेलेला नाही माझा, सांगून ठेवते.

आक्का आल्या होत्या. विहाराबाहेर उभ्या राहिल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "दूध आणलं न्हाय. तुमच्यात न्हाय म्हणून." आणि मग अगदी हळू, "माझ्या पोराच्या वाटचं त्येनं पिलं गं."

त्यांना बोलायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. पण ते वाक्य माझ्या मानेवर बसलं ते बसलंच. आता आक्का नाहीत. त्यांचा मुलगा आमदार झालाय, चांगला धडधाकट आहे. नातू नगरसेवक आहे, आणि प्रज्ञाच्या आजच्या तांबड्यात तोच आहे! परवापासून घरचा फोन वाजला की मी उचलत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. काल संध्याकाळी प्रज्ञानं सांगितलं, पहिल्या भागात पाहुण्याची खुर्ची बाबांसाठी रिकामी ठेवायची, समोर दुधाचा ग्लास. तिला वाटलं मी रडेन, मिठी मारेन. मी ओरडले. नाही म्हणजे नाही! ती बिचारी बघतच राहिली. तेव्हा मोरीत कडी लावून कोंडलेलं तेवढं तिला आठवतं, का ते कधी सांगितलंच नव्हतं. काल सगळं सांगितलं. आक्का, चहा, तुम्ही प्यायलेलं दूध, आणि मानेवरचं ते वाक्यसुद्धा.

मला वाटलं, आता ती हसेल. हसली नाही. म्हणाली, "आई, बाबांनी ते एका आईची भीती जावी म्हणून पिलं. तू ती उचलून घरी कशाला आणलीस?" मी म्हटलं, तुला मूल झालं की कळेल. ती म्हणाली, "बरं. मग खुर्ची रिकामी नको. तूच बस की."

अगदी तुमच्यासारखं. डोळ्यांत तीच खोड!

रात्रभर विचार केला. पहाटे उठून गंगावेशीतून दूध आणलं. एकदा उतू गेलं, शेगडी पुसली, उरलेलं परत ठेवलं. आता किटलीत भरलंय. मघाशी गल्लीत जीप थांबल्यासारखा आवाज आला. मी कालथा उचलला. गॅसवाल्याचा टेम्पो होता.

भीती गेलेली नाही हो. जाईल असंही वाटत नाही. पण एक शब्द देते तुम्हाला. आज दुपारी गिरणी थांबली की मी त्या खुर्चीत बसेन. नऊवारी नाही, रोजचीच साडी नेसून. प्रज्ञा शेवटी विचारणार, भ्या कशाचं वाटतंय. तुम्ही न विचारलेल्या त्या प्रश्नाचं मी साऱ्या गावासमोर खरं उत्तर देईन: समोरच्या या पोरीला काही होईल याचं. मग ग्लास उचलेन. थोडं साडीवर सांडलं तर सांडू दे. साय धरायच्या आत मी तो रिकामा करेन, म्हणजे तिच्या वाटचं दूध कुणाला ठेवायला उरणार नाही.

तुमची,
सुनंदा