नऊ जणांच्या मुठीतलं घड्याळ

चि. सौ. धाकटीस,

थोरल्याचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? (नसेल तर लगेच कळव, थांबला असेल तरी कळव, मला घोर लागतो.) माझी तब्येत नाश्त्यापर्यंत ठीक होती, पुढचं सांगवत नाही.

झालं असं. आमच्या वृद्धाश्रमात रोज चार वाजता एक बाई येऊन आम्हाला फुगा फेकायला लावायची. मी मेट्रनबाईंना सांगून बसलो, आम्ही म्हातारे आहोत, तान्ही बाळं नाही. त्या म्हणाल्या, "मग आजोबा, तुम्हीच घ्या कार्यक्रम. पण महिनाभर रोज दहा माणसं हॉलमध्ये दिसली पाहिजेत. नाहीतर तिथे मी जुन्या गाद्या ठेवणार." हॉल गेला तर बसायचं कुठे? आपापल्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. पण म्हटलं, आता माघार नाही.

पहिल्या दिवशी पेपर मोठ्याने वाचला. मी चौथी पास, अडखळत वाचतो. तिघे झोपले आणि जाग्या राहिलेल्या मास्तरीणबाई माझे उच्चार सुधारत बसल्या. दुसऱ्या दिवशी कॅरम मांडला. पोस्टमनकाकांनी राणी खिशात घातली की नाही यावरून अशी जुंपली, की कॅरम परत कपाटात गेला. तिसऱ्या दिवशी हॉलमधलं लोलकाचं घड्याळ बंद दिसलं. मी पडलो घड्याळाच्या दुकानातला माणूस (हे इथे मीच सर्वांना सांगितलंय). घड्याळ टेबलावर घेऊन उघडलं, तर बघायला नऊ जण गोळा झाले. (काम करणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहायला कोणाला आमंत्रण लागत नाही.) निघालेला भाग हरवू नये म्हणून एकेकाच्या हातात देत गेलो, "जरा धरा." तेवढ्यात चहाची घंटा झाली आणि सगळे मुठी मिटून चालते झाले!

आता परत कोणी देईना. पोस्टमनकाका म्हणतात, "माझ्या ताब्यातली वस्तू अशी टेबलावर टाकून जात नाही मी." मास्तरीणबाईंनी वही काढून चारची हजेरी सुरू केली. "लोलक?" "हजर." "मोठा काटा?" "हजर, पण पाठ दुखतेय." कोपऱ्यातल्या खोलीतले गप्प आजोबा आल्यापासून जेवायलासुद्धा बाहेर पडत नव्हते. काल त्यांच्या शेजाऱ्याला ताप आला, तर त्याचा भाग घेऊन ते भिंत धरत आले आणि म्हणाले, "छोटं चाक. हजर." बाईंनी बरोबरची खूण दोनदा केली. मेट्रनबाईंनी दारातून मोजलं, मला धरून दहा.

तरी मला झोप नाही. रोज विचारतात, "जोडणार कधी?" जोडलं की भाग संपले, आणि भाग संपले की माणसं पांगली. पण मी हटणार नाही. महिना पुरा करणारच.

तुझा, काळजीने अर्धा झालेला,
थोरला

ता. क. घड्याळ बिघडलंच नव्हतं. मेट्रनबाई म्हणाल्या, किल्ली द्यायची राहिली होती. शिवाय दुकानात मी चाळीस वर्षं फक्त पट्टे बसवले, हे तुला ठाऊक आहेच. भेटायला आलीस तर इथे बोलू नकोस.

पुन्हा ता. क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी. आजपासून आणखी दोघीजणी भाग मागताहेत आणि द्यायला काही उरलं नाही. तुझ्या माळ्यावर सासऱ्यांचं बंद पडलेलं घड्याळ आहे, ते पाठव. दाजींना त्याला हात लावू देऊ नकोस. त्यांना खरंच दुरुस्ती येते, मला तीच भीती आहे.