पट्ट्यावरची तारीख

ता. ३ मार्च

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

तुझं आणि तुझ्या शिलाई मशीनचं बरं असेल. कुरकुर दोघांची सारखीच. सोबत माझ्या शर्यतीच्या गाडीचा सीटपट्टा आहे. त्यावर शिवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवरची दोन वर्षांची मुदत संपलीय. नवा पट्टा महिनाअखेरीशिवाय येत नाही आणि शर्यत पंधरा तारखेला. शर्यतीआधी गाडी बघणारा तपासनीस फक्त तारीख वाचतो. नव्या तारखेची चिठ्ठी सोबत ठेवलीय, तेवढी जुनीच्या जागी शिवून दे. पट्टा दणकट आहे, ओढून बघितला. सरळ रस्ता, आठ-दहा सेकंदांचा खेळ. दाजींनीच शिकवलाय, घाबरू नकोस.

तुझा लाडका (हे तुझंच म्हणणं),
धाकटा

ता. ७ मार्च

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

पट्टा परत पाठवतेय, दोन तुकडे करून. कात्री बोथट झाली, तो राग वेगळा.

मी चौथीच्या पुढं गेले नाही, म्हणून सरळ लिहिते. उन्हानं, धगीनं पट्टा आतून कुजतो. ओढून कळत नाही, गाडी उलटल्यावर कळतं.

तुझे दाजी शर्यतीत गेले तेव्हा सगळे म्हणाले, नशीब. मीही मान हलवली. सहा वर्षं हलवतेय. त्यांच्या पट्ट्याचीही मुदत संपली होती. त्यांनी असाच हट्ट धरला, मी चहा उकळेपर्यंत नव्या चिठ्ठीला चार टाके घातले. पट्टा तुटला. लोकांनी तुकडा मला आणून दिला, तर चिठ्ठी जागच्या जागी. माझा एक टाका उसवला नव्हता.

हे कुणाला सांगितलं नाही. तुला ते बापाच्या जागी, म्हणून तुला तर नाहीच. आता हवं तर माझं तोंड बघू नकोस. पण त्या गाडीत बसू नकोस.

ताई

ता. ४ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद, घेतलेस तर.

तुझा मेकॅनिक सीटकव्हर शिवायला टाकून गेला. म्हणाला, तू शर्यतीत उतरला नाहीस. बरं झालं.

तुझं पत्र नाही. टपालवाला दिसला की मी मशीन थांबवते, तो पुढं गेला की चालू करते. काल मशीनशी भांडले. ते उलट बोलत नाही, त्यात काय मजा.

लोभ आटला असेल तर आटू दे. तू धड आहेस ना, बास.

ताई

ता. २० एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

नवा पट्टा आला, अजून बसवला नाही. तुझे तुकडे तपासनिसाला नेऊन दाखवले, जुन्या पट्ट्यावर नवी चिठ्ठी कशी शिवतात तेही सांगितलं. आता तो तारखेवर थांबत नाही, टाके बघतो. जुन्या पट्ट्याला नवा दोरा दिसला की पट्टा तिथंच कापतो. रविवारी तिघांचे कापले. तुझं नाव काढलं नाही.

दाजींचा फोटो भिंतीकडे वळवून ठेवलाय. एवढ्यात तुझ्याकडे येणार नाही, आग्रह करू नकोस.

लोभाचं मला आत्ता काही सांगता येत नाही. कात्री पाठवून दे, धार लावून ठेवतो.

धाकटा