मोडक्या निबची साक्ष

बाबा, रविवारी सकाळी आई भाताची पेज वेगळी काढून ठेवायची आणि तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून तुमच्या गळ्याचे पांढरे बँड त्या पेजेत बुडवायचे. पट्टेवाल्याने कितीदा म्हटलं, साहेब, धोब्याकडे देतो. पण ते काम तुम्ही कुणाला दिलं नाहीत. मी समोर उकिडवी बसायची, बँडची दोन टोकं ताणून धरायची. "सैल नको," तुम्ही म्हणता, आणि मी श्वास रोखून धरते. मग खिडकीच्या गजांना ते दोन पांढरे कपटे वाळत लटकायचे आणि खालून जाणाऱ्याला कळायचं की इथे न्यायाधीश राहतात. आपल्या घरात तुमच्या पदाचा एवढाच काय तो देखावा होता.

आज हे आठवायचं कारण म्हणजे मी मृत्युपत्र लिहायला बसले आहे. घाबरू नका, प्रकृती ठीक आहे. पण इथे जर्मनीत नोटारकडे, म्हणजे नोटरी वकिलाकडे, न जाता मृत्युपत्र करायचं तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत सगळं स्वतःच्या हाताने लिहावं लागतं, टाइप केलेलं चालत नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं माझं अक्षर अजून चांगलं आहे. बाड हॉम्बुर्गच्या या फ्लॅटमध्ये माझं असं फारसं काही नाही. जे आहे ते तुमचं आहे: कोट, ते बँड, तुमची नोंदवही आणि पेन. आणि त्यावरूनच आता अमेरिकेतून फोनवर फोन येत आहेत, कारण तुमचा नातू, माझ्या भावाचा मुलगा, तिथे न्यायाधीश झाला आहे.

तुम्हाला आनंद झाला असता का? प्रामाणिकपणे सांगा. तुम्ही लोकसेवा आयोगाची परीक्षा दिलीत, कंदिलावर अभ्यास करून, आणि पास झालात. कुणाला भेटला नाहीत, कुणाच्या पाया पडला नाहीत. तिथे तसं नसतं. तिथे राष्ट्राध्यक्षांची निवडणूक होते आणि जिंकलेली बाजू दुसऱ्या दिवशीपासून न्यायाधीशांच्या खुर्च्या मोजायला लागते. कोण म्हातारा झाला, कोण निवृत्त होईल, कुठे आपला तरुण माणूस बसवला तर तो तीस-चाळीस वर्षं हलणार नाही. हरलेली बाजू तोवर त्या खुर्च्या अडवून धरायच्या युक्त्या काढते, आणि चार वर्षांनी दोघे जागा बदलून एकमेकांचीच भाषणं वाचतात. दोन्हीकडचे लोक 'आमचे न्यायाधीश' म्हणतात, अगदी उघडपणे, टीव्हीवर, न लाजता. तुम्हाला कुणी 'आमचे' म्हटलं असतं तर तुम्ही बदली मागितली असती. इथल्या लोकांनी फार नाक वर करायचं कारण नाही. इथेही वरच्या न्यायालयावर कोणाला पाठवायचं यावरून हल्ली पक्ष रस्त्यावरच्यासारखे भांडतात, फक्त वाक्यं जरा लांब असतात.

नेमणुकीआधी सिनेटपुढे झालेली त्याची सुनावणी मी माझ्या स्वयंपाकघरात लॅपटॉपवर बघितली. तिथे सकाळ होती, इथे दुपारचे चार वाजले होते. माझी नात शाळेतून परस्पर माझ्याकडे आली होती. बारा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तरं जर्मनमध्ये देते. तिच्यापुढे पोह्यांची बशी होती. पडद्यावर तुमचा नातू होता, सुंदर निळा सूट, मागच्या रांगेत माझा भाऊ आणि वहिनी. आधी एका सभासदाने त्याचं आडनाव तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी उच्चारलं आणि तिन्ही वेळा त्याचा अभिमान वाटतो म्हणून सांगितलं. मग विरोधी बाजूच्या एका बाईंनी त्याने कॉलेजात असताना लिहिलेल्या एका लेखातलं अर्धं वाक्य वाचून दाखवलं आणि तो बोलायला लागला की त्याला थांबवलं. त्यांना उत्तर नकोच होतं, कॅमेऱ्यात स्वतःचा रागावलेला चेहरा हवा होता, तो मिळाला. त्यानंतर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र साधा प्रश्न विचारला. राष्ट्राध्यक्षांनी तुमच्या कोर्टाचा हुकूम पाळला नाही तर तो पाळायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल का?

"हा काल्पनिक प्रश्न आहे. त्यावर मी बोलणं उचित होणार नाही," तुमचा नातू म्हणाला.

गृहस्थांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेच उत्तर. तिसऱ्यांदा. तेच. तेच स्मित.

"आजी, याला प्रश्न कळत नाहीये का?" नातीने जर्मनमध्ये विचारलं.

"कळतोय."

"आल्झो, मग हो की नाही?"

मी तिच्या बशीत आणखी पोहे वाढले. बारा वर्षांच्या मुलीला जे उत्तर येत होतं ते एका भावी न्यायाधीशाला येत नव्हतं, आणि त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना त्याचं कौतुक वाटत होतं.

मग त्याने तुम्हाला बाहेर काढलं, बाबा. मला आधी कळलंच नाही की तो तुमच्याबद्दल बोलतोय. तो म्हणाला, माझे आजोबा समाजाच्या अगदी तळातून आले, त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, आणि ते न्यायाधीश झाले. इथवर खरं होतं. पुढच्याच वाक्यात तो म्हणाला की म्हणूनच त्याचा फक्त गुणवत्तेवर विश्वास आहे, कोणत्याही सवलतींवर नाही. हे ऐकून त्याच्या पक्षाच्या माना डोलल्या. बार रूममध्ये वकील तुमच्या पाठीमागे 'राखीव साहेब' म्हणायचे, दार उघडं असताना म्हणायचे, आणि तुम्ही निकालाचा कागद वाचत तसेच पुढे जायचात. त्या वकिलांच्या बोलण्यात आणि तुमच्या नातवाच्या बोलण्यात मला फक्त सूटचा फरक दिसला.

आणि मग पेन. तो म्हणाला, माझ्या आजोबांना एकदा एका माणसाला फाशीची शिक्षा द्यावी लागली. निकालावर सही केल्यावर त्यांनी पेनची निब मोडली, कारण ज्या पेनने एक जीव घेतला त्याने पुन्हा काही लिहू नये, अशी आमच्या देशातली रीत आहे. ते मोडकं पेन आमच्या घरात अजून आहे. सत्तेचं ओझं काय असतं ते मी त्या पेनकडून शिकलो. तो प्रश्न विचारणारा म्हातारासुद्धा खाली बघायला लागला. मी लॅपटॉप बंद केला.

फाशी! तुम्ही आयुष्यभर दिवाणी न्यायाधीश होता. बांधावरून भांडणारे भाऊ, विहिरीतल्या वाटण्या, भाडेकरू, फार तर एखादा सायकलचोर. फाशी द्यायचा अधिकारच तुमच्याकडे नव्हता. वकिलीची पहिली पायरी चढलेल्यालाही हे कळेल. पण जिथे कुणाला काही तपासायचं नसतं, फक्त आपल्या माणसाला आत घ्यायचं किंवा दुसऱ्याच्या माणसाला बाहेर ठेवायचं असतं, तिथे अशी गोष्ट कितीही खोटी असली तरी खपते. काही आठवड्यांनी मतदान झालं आणि त्याला मतं मिळाली. आपल्या बाजूची सगळी, पलीकडची एकही नाही. म्हणजे त्या सुनावणीत कुणी काही ऐकलंच नव्हतं. ते सगळं आदल्या महिन्यातच ठरलं होतं.

सुनावणीच्याच संध्याकाळी भावाचा फोन आला होता.

"ताई, बघितलंस ना? कसा बोलला!"

"प्रश्नाचं उत्तर कुठे दिलं त्याने?"

"अगं, द्यायचंच नसतं. दोन महिने त्याला हेच शिकवत होते, कसं उत्तर द्यायचं नाही ते. तुला नाही कळायचं त्यातलं."

"बाबांनी असं केलं असतं?"

"बाबांना विचारलं कुणी होतं? त्यांना आपली परीक्षा होती. बरं, ते बँड आणि पेन कुरियरने पाठव. शपथविधीला हवेत. फोटो काढायचेत."

"आणि ती फाशी?"

तो हसला. "ते तू त्याला सांगितलं होतंस, विसरलीस? सात-आठ वर्षांचा होता, तुझ्याकडे सुट्टीला आलेला. मी म्हटलं, जाऊ दे, पोराला आजोबा मोठे वाटतात तर वाटू देत. आता एखादा पत्रकार तुला फोन करेल. खरं आहे म्हण, संपलं. आणि निब तर मीच मोडली होती ना, ताई? सर्कस बुडाली होती माझी. केवढा रडलो होतो."

बाबा, मी फोन ठेवला.

तुम्हाला ती सर्कस आठवते? तुमची जिल्ह्याच्या गावी बदली झाली होती, मी दहा वर्षांची आणि धाकटा सहाचा. मैदानावर तंबू लागला होता आणि हत्ती आपल्या रस्त्यावरून ओढ्यावर जायचा. त्याच आठवड्यात एका वकिलाच्या मुलीने मला वाढदिवसाला परदेशी कंपासपेटी दिली होती आणि तुम्ही ती मला परत द्यायला लावली होती. तुम्ही सायकल धरून शाळेच्या फाटकाशी उभे होता. मी रडत विचारलं, माझी पेटी का द्यायची? "ती तुला दिलेली नाही, मला दिलेली आहे," तुम्ही म्हणालात. मला राग आला होता. घरी आल्यावर, तुम्ही आंघोळीला गेलेले असताना, मी तुमच्या टेबलावर बसून तुमच्या पेनने तुमची सही गिरवली. दाबून, रागाने, एका कागदावर दहा-बारा वेळा. निबचं एक टोक वाकलं आणि तुटलं. कागद मी चुलीत घातला.

तुम्ही आम्हा दोघांना समोर उभं केलंत. कोर्टात करायचात तसं आधी त्याला विचारलंत, मग मला. तो नुसता 'मी नाही, मी नाही' म्हणत नाक पुसत होता. मी पाठ ताठ करून, सिस्टरांनी शिकवल्यासारखं पूर्ण वाक्यात सांगितलं की धाकटा टेबलाजवळ खेळत होता, मी पाहिलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. चांगल्या कपड्यातला, चांगल्या भाषेतला साक्षीदार. आम्ही सर्कशीला गेलो, तो पट्टेवाल्याजवळ घरी राहिला. तंबूत मी तुमच्या आणि आईच्या मधे बसले होते. हत्ती सोंडेने सलाम करतो आणि तुम्ही माझ्याकडे बघून हसता.

आता तो साठीचा आहे आणि त्याला पक्कं आठवतं की निब त्याने मोडली. 'मी नाही' म्हणणारं ते पोर कुठे गेलं कोण जाणे. तुम्ही दिलेला निकाल त्याने स्वतःची आठवण करून टाकला आहे.

त्याच्या मुलाला फाशीची गोष्ट मी का सांगितली? त्याने पेन हातात घेऊन विचारलं, आत्या, हे कुणी मोडलं? आणि मला खरं सांगायला साधं एक वाक्य लागलं असतं. मी रीतीची गोष्ट सांगितली. पूर्ण वाक्यात.

पत्रकाराचा फोन परवा आला. सभ्य मुलगी होती. ते पेन तुमच्याकडे आहे का? आहे म्हटलं. तुमच्या वडिलांनी फाशीची शिक्षा दिली होती हे खरं आहे का? मी खिडकीतून खाली बघत होते. खाली कुणीतरी काचेच्या बाटल्या टाकत होतं. "त्यावर मी बोलणं उचित होणार नाही," मी म्हणाले. स्वर अगदी त्याचाच होता, बाबा. मला कुणी दोन महिने शिकवावंही लागलं नाही.

तुम्ही ती निब कधी बदलली नाहीत. पेन खणात पडून राहिलं. मी जर्मनीला निघाले तेव्हा तुम्ही ते माझ्या पिशवीत घातलंत, त्याच्या नाही. "हे तुझ्याकडे असू दे," एवढंच म्हणालात. मी तेव्हा लाड समजले. हल्ली मला वाटतं, तुम्ही निकाल फिरवला होता आणि तो जाहीर करायचं काम माझ्यावर सोपवलं होतं.

हे तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि हे पत्र मी माझ्यामागे फ्लॅट आवरणाऱ्यांच्या हातीही लागू देणार नाही. म्हणून फक्त पुढचं तेवढं वेगळ्या कागदावर, माझ्या हस्ताक्षरात, उतरवून ठेवते.

कोट भावाला. लहानपणी तो तोच घालून आरशासमोर उभा राहायचा, बाह्या जमिनीला टेकायच्या. नोंदवही माझ्या लेकीला. तिला मराठी वाचता येतं अजून. गळ्याचे बँड नातीला. ती न्यायाधीश झाली नाही तरी चालेल. 'हो की नाही' विचारणं तिने सोडू नये. पेज कशी करायची ते मी तिला दाखवीन. भाच्याला काही नाही. त्याला जे हवं होतं ते मिळालं आहे, आणि शपथविधीच्या फोटोसाठी त्याने दुसरं पेन मोडावं.

पेन भावाला. निब बदलू नये. पेनसोबत त्याच्यासाठी एक घडी केलेला कागद ठेवला आहे, त्यावर एकच ओळ आहे. म्हणजे, असायला हवी. मी तो आज सकाळी तीनदा उलगडला आणि तीनदा तसाच मिटला; अजून कोरा आहे.