मशिनं मांद्र्याला कशी गेली

प्रिय वर्षू,

हे पत्र शेजारच्या सुविधाच्या हाती देते आहे. ती उद्या बेळगावला बहिणीकडे चालली आहे. सोबत आमसुलं, कुळथाचं पीठ आणि थोडे काजू आहेत. घरात फोन असताना आईला पत्राची हौस कुठून आली, असं म्हणशील. अगो, आपलं घर तुला माहीत आहे. फोन वाजला की तुझे बाबा आधी येऊन बसतात, आणि आवाज मोठा करून सगळ्या वाड्याला ऐकवतात. मला तर त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे. नक्की काय बोलायचं तेही धड कळत नाही, म्हणून जरा मागेपुढे झालं तर सांभाळून घे.

तुला बाळंतपणाला आणायला येत्या आठवड्यात बाबा स्वतः पिकअप घेऊन येणार आहेत. तुला त्यांनी तसं सांगितलंच आहे. चोर्ला घाटातून पोटुशी लेक आणायची, आणि ती यांनीच आणायची. राजेश म्हणतो, आई, बाबांच्या हातात आता गाडी देऊ नको. मला कधी त्याचं पटतं, तर कधी तुझ्या भावाच्या डोक्यात एक टपली मारावीशी वाटते. का ते सांगते.

पंधरवड्यापूर्वी बाबांना हरमलचं भाडं मिळालं. आपल्या डिचोलीच्या बाजारात तो नाणं टाकून खेळायच्या मशिनांचा गाळा होता ना, राजेश शाळा बुडवून जायचा तो, तिथली दोन मशिनं हरमलच्या निलेशने आपल्या कॅफेसाठी घेतली. कपाटाएवढी उंच, आणि पोटात जुन्या टीव्हीची काचेची नळी. आडवी घातली तर नळीला दणका बसतो, म्हणून उभीच न्यायची. बाबांनी आदल्या दिवसापासून तयारी केली. मशिनांच्या वायरी गुंडाळून चिकटवल्या, मागची दारं पट्टीने बंद केली, खाली फळी, फळीवर जुनी गादी. काचेची बाजू केबिनकडे. दोऱ्या वर एक आणि खाली एक, पण बटणांवरून एकही नाही. दोन मशिनांच्या मधे हवा भरलेली टायरची ट्यूब. वरून माझ्या दोन गोधड्या गेल्या, त्यातली एक तुझी लहानपणची. हे सगळं करणारा माणूस डोक्याने कमी झालाय असं कोण म्हणेल? त्या दिवशी तर त्यांच्या हाताला डोळे होते.

मीही बरोबर गेले. हरमलला सुकी मासळी घ्यायची म्हणून गेले असं मी त्यांना सांगितलं. खरं तर बाबांवर लक्ष ठेवायला राजेशनेच मला पाठवलं. मागे मशिनं धरायला केरबा बसला, तो राजेशच्या कंपनीतला कोल्हापूरकडचा. निघताना बाबांनी चपला काढून सीटखाली टाकल्या, आणि मला म्हणाले, मालती, तोंडां नीट झाक हां. मी म्हटलं, कोणाची तोंडं? ते हसले. चवथीला चित्रशाळेतून गणपती नेताना ते चपला घालत नाहीत, आणि मूर्तीचं तोंड झाकल्याशिवाय गाडी सुरू करत नाहीत, हे तुला माहीत आहे. पण गाडीवर चढउतार करायची म्हणूनही चपला काढतात माणसं. मी मनावर घेतलं नाही.

कोलवाळचा पूल गेला, पेडणे गेलं. गाडी अशी हळू, की मागची स्कूटरवाली पोरं वैतागून पुढे निघून जात होती. गतिरोधक आला की बाबा आधी केरबाला हाक द्यायचे आणि मगच चाक चढवायचे. पेडण्याच्या पुढे हरमलचा रस्ता सोडून त्यांनी गाडी मांद्र्याकडे वळवली. मला वाटलं, जवळची वाट असेल, मी काय गाडीवाली आहे? आणि गाडी सरळ पद्मावतीबाईंच्या अंगणात जाऊन उभी राहिली. दरवर्षी ज्यांचा गणपती आपण पोचवतो, त्या. बाबांनी चवथीला वाजवतात तसाच हॉर्न वाजवला आणि खाली उतरून हाक मारली, पद्मावतीबाय, गणपती इलो गो!

वर्षू, माघातलं ऊन, अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या, आणि आमच्या गाडीत गोधड्या पांघरलेली दोन मशिनं. केरबा माझ्याकडे बघतो, मी केरबाकडे. पद्मावतीबाई बाहेर आल्या. त्यांनी गाडी बघितली, बाबांचे अनवाणी पाय बघितले, मग माझ्याकडे बघितलं. त्या आत गेल्या. मला वाटलं, आता घरातली माणसं बोलावून हसणार. आल्या त्या तांब्या आणि निरांजन घेऊन. बाबांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि त्या गोधड्यांना ओवाळलं. अगदी मनापासून, चवथीला ओवाळतात तसं. केरबाने डोक्यावरची टोपी काढली. मी पदर सावरून हात जोडले. दुसरं काय करणार होते?

मग बाबा मोठ्याने हसले. म्हणाले, बरां झालां, मशिनांची पूजा झाली, आता धंदो बरो चलतलो निलेशचो, आमी जातंव हरमलाक. पद्मावतीबाईही हसल्या. आम्हाला सोलकढी दिली आणि आम्ही निघालो. वाटेत मी विचारलं, काय हो हे? तर म्हणाले, तुका मस्करी कळणा नाय? आणि त्यानंतर हरमल येईपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या. हसून लाल की शरमेने लाल, हे एवढी वर्षं संसार करून मला ओळखता येऊ नये? राग आला मला माझाच.

मशिनं मात्र धडधाकट पोचली. निलेशने वायर लावली आणि दोन्ही पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तो म्हणाला, महादेवकाका, पुढच्या खेपेलाही तुम्हालाच बोलावणार.

आता तूच सांग, ती मस्करी होती की काय होतं? बाबांना तू ओळखतेस. तुझ्या लग्नात व्याह्यांना गोव्यात नवरीच्या बापाला खांद्यावर घेऊन नाचवायची पद्धत आहे म्हणून सांगितलं आणि खरंच नाचले की नाही त्यांच्या खांद्यावर? असा माणूस मशिनं घेऊन गणपतीची हाक मारील, त्यात नवल काय? पण मग वाटतं, मस्करी करणारा माणूस नंतर गप्प कशाला बसेल? परवा त्यांनी राजेशला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. पण ती तर ते राजेश पाळण्यात होता तेव्हापासून मारतात. चहात मीठ घातलं. पण डबे मीच बदलून ठेवले होते. प्रत्येक गोष्टीला दोन तोंडं आहेत, आणि मी दोघांच्या मधे उभी आहे. राजेशला मांद्र्याचं सांगितलं, आणि सांगून पस्तावले. त्याच्या मनात ते पक्कंच झालं.

गेल्या रविवारी तुला आणायचा दिवस ठरवायला तुझे दीपकराव आले होते. त्यांची कार आत यायला जागा नव्हती, म्हणून पिकअप त्यांनीच पुढे सरकवली. जेवताना ते भीत भीत म्हणाले, बाबा, मीच आणून सोडतो की वर्षाला. तर बाबा म्हणाले, काचेची मशिनां हरमलाक नेलंय, एक चरो पडलो नाय, आणि माझ्या चेडवाक आणूक माका जमाचा नाय? दीपकराव बिचारे हसून भात कालवू लागले. मला घाटातली वळणं दिसत होती, पिकअपमधे तू दिसत होतीस, आणि घाट सोडून भलत्याच वाटेला लागलेली गाडी दिसत होती.

दीपकराव गेल्यापासून पिकअपची चावी सापडत नाही. दुसरी चावी तर कधीच हरवली आहे. बाबांनी सगळं घर पालथं घातलं. देवघर, कोंबड्यांचं खुराडं, राजेशच्या पँटचे खिसे. पहिल्या दिवशी सगळ्यांवर ओरडले. दुसऱ्या दिवशी ओरडायचे थांबले. आता सोप्यावर बसतात आणि स्वतःचेच खिसे उलटेपालटे करून बघतात. तिसऱ्या दिवशी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, मालती, मी इसरतंय काय गो? मी म्हटलं, छे, काहीतरीच तुमचं. तेव्हापासून एकही थट्टा नाही. दुकानात जातात आणि काय आणायचं होतं ते विचारायला परत येतात. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. आंघोळीला जाऊ का, म्हणून मला विचारतात, वर्षू. मला.

चावी माझ्याकडे आहे. दीपकराव गेल्यावर मीच खिळ्यावरून काढली आणि तांदळाच्या डब्यात खुपसली. तू सुखरूप यावीस एवढंच तेव्हा डोक्यात होतं. आता मला झोप नाही. मांद्र्याला ते खरंच चुकले असतील, तर मी केलं ते बरोबरच केलं. पण ती मस्करी असेल, तर एका धडधाकट माणसाला मी स्वतःच्या हाताने विसराळू केलं. आणि डब्यातून काढून चावी हातात ठेवावी, तर ते उद्याच घाटात निघतील. परवा गाडीचं कुलूप बदलायला मिस्त्री येणार आहे, त्याच्या आत काहीतरी करायला हवं.

म्हणून हे पत्र. चावी कुळथाच्या पिठात आहे, पुडीत बांधून. ती काढून घे, आणि उद्या संध्याकाळी बाबांना फोन कर. सांग की गाडी सरकवल्यावर ह्यांनी चावी खिळ्याला लावलीच नाही, खिशातून बेळगावला घेऊन आले, आज पँट धुवायला काढली तेव्हा सापडली. दीपकरावांना माझ्यासाठी एवढा वेंधळेपणा अंगावर घ्यायला सांग, आणि बाबा शिव्या घालतील त्या हसून ऐकायला सांग. तुला तेच आपल्या कारमधून आणून सोडतील, पिकअपची चावीच बेळगावात म्हटल्यावर बाबांचा इलाज नाही. इथे आलीस की चार दिवस त्यांच्याजवळ बस, त्यांना नीट बघ, मग चावी त्यांना द्यायची की नाही ते तू ठरव, मला आता काही कळेनासं झालंय. पण फोन आधी कर. आवाज मोठा करूनच घेतील ते. सगळ्या वाड्याला ऐकू दे, की चावी महादेवने हरवली नव्हती.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई