पिल्लांना उजेड नको हुता

आवं, आदी चष्मा लावा. सगळं वाचल्याबिगर च्या पिऊ नका.

स्वेटर, कानटोपी, हातमोजं घालून तुमी फिरायला गेलासा, तवा मी खोक्यावरचं पोतं उचललं. मला न विचारता मोबाईलवरनं मागवलेल्या तुमच्या पन्नास कोंबडीच्या पिल्लांतली अकरा मेलीत. बाकीची गारठून एकमेकांवर चढली हुती. वर बघतीय तर माझा शंभर वॅटचा पिवळा बल्ब न्हाई, तुमचा एलईडी. बिल कमी येतंय, उजेड लय पडतोय, असं काल म्हणत हुतासा ते ह्येच व्हय? पिल्लांना काय पेपर वाचायचा हुता? त्यो बल्ब उजेडाला न्हवता, उबंला हुता! एका शब्दानं मला विचारायचं. पर फौजेत हवालदार हुतासा, मग घरातबी हुकूमच.

जुना बल्ब उकिरड्यावर फुटून पडलाय. गावात तसला मिळत न्हाई, म्हणून आटपाडीला चाललीय.

मी येईस्तवर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठिवा, गार झाल्या की बदला. प्यायला गुळाचं कोमट पाणी द्या. पांगून बसली तर बरी हाईत, गोळा झाली तर गारठलीत. मेलेली घरामागं परड्यात ठिवलीत. खड्डा तुमीच काढा.

तुमचं फौजेतलं ब्लँकेट खोक्यावर घातलंय, त्याला हात लावायचा न्हाई. थंडी वाजली तर एलईडीखाली जाऊन बसा. उजेड लय पडतोय.